विणकरपुऱ्यातली उलटी रेघ

पुण्याच्या फलाटावर मला सोडायला आलेल्या भावाने विचारलं, "या खोक्यात आहे तरी काय?"

"एक शहर आहे," मी म्हटलं.

"मग जपून ने," म्हणाला आणि खोकं बाकाखाली सरकवून निघून गेला. आमच्या घरात माझ्या कामाची याहून जास्त चौकशी कुणी करत नाही, आणि मला ते बरंच वाटतं. सांगायला बसलं तर अर्ध्यात लोकांना जांभया येतात.

तुम्हाला मात्र सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी संख्याशास्त्राची. क्षयाच्या रुग्णांवर काम करते, पण आजवर एकाही रुग्णाची छाती तपासलेली नाही. आमच्या संस्थेतल्या मोठ्या यंत्रात आम्ही एक खोटं नागपूर वसवलं होतं. त्यात खोटे मोहल्ले, खोटी माणसं, त्यांचं दवाखान्यापासूनचं अंतर, घरातली खाणारी तोंडं, सगळं आकड्यांत. सकाळ झाली की यंत्र प्रत्येकाच्या नावाने फासा टाकतं: हा आज इंजेक्शनला गेला की नाही? गेला तर पुढच्या घरात, नाही गेला तर मागे. सापशिडीच समजा. वर्ष संपलं की बघायचं, कुठल्या मोहल्ल्यातले लोक शिडी चढले आणि कुठले सापाच्या तोंडी गेले. गरिबांच्या वस्तीत या रोगाने जास्त माणसं का जातात आणि काय बदललं तर कमी जातील, एवढाच प्रश्न. खऱ्या माणसांवर असले प्रयोग करून बघता येत नाहीत, म्हणून खोट्यांवर. प्रश्न साधा आहे, उत्तर काढताना तोंडाला फेस येतो.

आमचं खोटं नागपूर खऱ्या नागपुराशी छान जुळत होतं. अडचण फक्त एका मोहल्ल्याची. बाकी सगळीकडे पावसाळ्यात चिखलपाण्यामुळे लोक दवाखान्यात कमी येतात आणि थंडीत परत यायला लागतात. विणकरपुऱ्यात नेमकं उलट. भर पावसात दवाखाना भरलेला, आणि ऐन थंडीत, रस्ते कोरडे ठणठणीत असताना, शुकशुकाट. आलेखावर बाकीच्या रेघा एकीकडे जायच्या आणि ही एकटी उलटी. आमचे प्रमुख म्हणाले, "कंपाउंडरने आकडे उलटे भरले असतील. वगळा तो मोहल्ला."

वगळलाही असता. पण नागपूरच्या क्षयरोग विभागाने त्याच मोहल्ल्यातलं इंजेक्शनचं केंद्र बंद करायचं ठरवलं होतं. थंडीत कुणी येत नाही, मग माणूस आणि औषध फुकट का अडकवून ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या अहवालात त्या अर्थाची एक ओळ घालून मी खाली सही करायची होती. हिवाळी अधिवेशनामुळे आरोग्य खात्याचे मोठे साहेब नागपुरातच होते, निर्णय तिथेच व्हायचा होता. मी प्रमुखांना म्हटलं, जाऊन बघते आणि मग सही करते. ते म्हणाले, थंडीत नागपूर छान असतं, या फिरून. हे असं बोललं की माझं डोकं फिरतं.

तर खोक्यात होती ती आमच्या यंत्राची भोकं पाडलेली कार्डं. नागपुरातल्या एका कॉलेजात तसलंच यंत्र होतं आणि ते वापरायची परवानगी मी मिळवली होती. जे दिसेल ते तिथल्या तिथे कार्डांत घालून पुन्हा चालवायचं, असा बेत.

भुसावळ मागे पडल्यावर समोरच्या बाकावरच्या बाईंनी फिरकीचा तांब्या काढला. लेकीकडून अकोल्याला परत चालल्या होत्या. बोलक्या आणि भारी प्रेमळ. मला शेव दिली, केळी दिली, माझं लग्न का झालं नाही हे विचारलं आणि उत्तर द्यायच्या आत स्वतःच हळहळल्या. गप्पांच्या नादात तांब्या त्यांनी माझ्या खोक्यावर आडवा ठेवला. अकोला आल्यावर उचलला तर हलका.

"अगं बाई, पाणी गेलं कुठं यातलं?"

कुठं गेलं ते मला दिसत होतं. खोक्याचा पुठ्ठा काळा पडला होता. त्या उतरून गेल्यावर मी झाकण काढलं तर कार्डं भिजून फुगलेली. फुगलेलं कार्ड यंत्र घेत नाही, चावून टाकतं. माझं शहर अकोल्यालाच बुडालं. वर्ध्यापर्यंत मी त्या बाईंना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांची शेव मात्र संपवली.

नागपूरला उतरले तर हवेत चांगलाच गारठा. सायकलरिक्षावाल्याने अंगावर घोंगडी घेतलेली. सीताबर्डीवरून जाताना जिकडेतिकडे बांबूचे अडसर, पोलीस, मोर्चांचे फलक. एका जागी आम्हाला बराच वेळ थांबवून ठेवलं.

"नेहमी असंच असतं का?" मी विचारलं.

"अधिवेशन चालू हाय नं बाई," रिक्षावाला म्हणाला. "जवरी हे लोक इथं हायत, तवरी नागपूर आमचं नाई." (जवरी-तवरी म्हणजे जोवर-तोवर.)

सगळ्या लॉजमध्ये आमदारांची माणसं भरलेली, त्यामुळे माझी उतरायची सोय रामदासपेठेत माझ्या एका मैत्रिणीच्या मावशीकडे होती. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि माझ्यासारख्याच फटकळ, त्यामुळे आमचं लगेच जमलं. मी पहिलं काम केलं ते कार्डं त्यांच्या गच्चीवर चादरीवर पसरायचं. त्या कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या.

"काय वं, पुण्यात असे पापड करून राहिले का आजकाल?"

जेवायला त्यांनी गोळाभात केला होता. डाळीचे वाटून वाफवलेले गोळे, गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंगाची फोडणी ओतायची. माझा हात आखडता बघून त्या म्हणाल्या, "तेल घे. तुमच्या पुण्यात जेवायला वाढतात का नुसतं दाखवतात?" मी चिडले नाही, कारण भात फार चांगला झाला होता.

दुपारी क्षयरोग विभागाच्या डॉ. गडेकरांना भेटले. वाटलं होतं, खुर्ची उबवणारे कुणीतरी असतील. निघाले दमलेले, सरळ गृहस्थ. टेबलावर छातीच्या फोटोंचा ढीग.

"मॅडम, केंद्र बंद करायची मले काही हौस नाही," ते म्हणाले. "पण इथं रामदासपेठेच्या बाजूला औषध पुरत नाही अन् तिकडं कंपाउंडर माशा मारत बसला आहे. मी तरी काय करू?"

त्यांनी विणकरपुऱ्यातल्या रुग्णांची कार्डं दाखवली. इंजेक्शन का चुकलं, या रकान्यात कंपाउंडरने एकाखाली एक एकच शब्द लिहिला होता: निष्काळजी.

"परवा साहेबांसमोर विषय आहे," गडेकर म्हणाले. "तुमच्या अहवालाची ओळ मिळाली की संपलं."

भिजलेल्या कार्डांचं मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून विणकरपुऱ्यात गेले. रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशीच ब्रेक लावला. "आता पुढं नाई जात. पांजणी हाय."

पांजणी म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावणं. मागावर चढवायच्या आधी उभं सूत असं ताठ करून घ्यावं लागतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी दिसलं ते एवढंच, की पूर्ण गल्लीभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कमरेइतक्या उंचीवर सूत ताणलेलं होतं. पांढरं सूत आणि कडेला पोपटी पट्टे. दोन्ही बाजूंनी बायका-पुरुष मोठमोठे कुंचे घेऊन, पेजेसारखी खळ सुतात जिरवत, एका चालीने पुढे सरकत होते. भाताच्या पेजेचा वास सगळीकडे. पलीकडच्या टोकाला केंद्राची पाटी दिसत होती. दार उघडं होतं आणि कंपाउंडर पेपर वाचत बसला होता.

मला तिथे पोचायचं होतं. बाजूने वाट नव्हती. मी पदर खोचला, वाकले आणि ताण्याखालून निघाले. अर्ध्यात पाठीवर काहीतरी ओढल्यासारखं झालं, मी हिसका दिला आणि तटातटा आवाज आला. माझ्या पिशवीचं बक्कल सुतात अडकलं होतं.

सगळे कुंचे जागच्या जागी थांबले.

ताण्याचे मालक तुळशीराम म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला. ते शांतपणे जवळ आले. "पुण्याहून आल्या का तुमी?"

"हो. कसं ओळखलंत?"

"विचारल्याबिगर घुसल्या म्हणून."

गल्ली हसली. एक लुकडी बाई खाली बसून तुटलेलं सूत गाठून घ्यायला लागली. तिची बोटं दिसत नव्हती इतकी भरभर चालत होती. मधेच तिने तोंड फिरवलं, पदर तोंडाला लावला आणि खोकली. मग पुन्हा गाठी. तिचं नाव पार्वताबाई.

मी तुळशीरामांना म्हटलं, भरून देते. ते नको म्हणाले. मग मी म्हटलं, निदान काही काम तरी सांगा. ते त्यांनी सांगितलं. टोकाचा बांबू माझ्या हातात दिला. "इथं धरा. अन् सोडू नका. ढिल्लं पडलं तं सूत एकमेकाले चिपकते, मंग सारा ताणा गेला."

दिसतं तितकं ते सोपं नाही. थोड्या वेळात माझे दंड थरथरायला लागले. पण बांबू ओढून धरून उभं राहिलं की समोर बघण्याशिवाय काही करता येत नाही, आणि माझ्या समोर केंद्र होतं. कंपाउंडरने पेपर संपवला. जांभई दिली. भांड्यातल्या उकळलेल्या सुया काढून ठेवल्या, कुणीही आलं नव्हतं. मग तो उठला, दार ओढलं आणि कुलूप लावलं. कुलपाचा आवाज झाला तशी पार्वताबाईने मान वर करून तिकडे पाहिलं. क्षणभरच. मग पुन्हा कुंचा चालवायला लागली.

ऊन चढलं, सूत वाळलं, ताणा गुंडाळला. लोक पांगायला लागले तेव्हा मी तिला गाठलं.

"तुमचं इंजेक्शन असतं का तिथं?"

"हाय नं. रोजच असते, आजही होतं."

"मग गेला का नाहीत? चार पावलांवर तर आहे."

माझ्याकडे तिने असं पाहिलं, की मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं असावं. "ओला ताणा सोडून कोण जाईन बाई?"

"पण ताणा तुळशीरामांचा. तुमचा थोडाच होता?"

"आज त्यायचा, परवा दुसऱ्याचा, मंग माहा. माह्या ताण्याले हे सारे येतात. मी अर्ध्यातून उठून गेली, तं माह्याले कोण येईन?"

"आणि पावसाळ्यात?"

"पाण्यात कुठी पांजणी होते? सूत वाळलं पायजे नं. तवा बरोबर जातो आम्ही."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात अंधारातच लागतो. दवाखाना उघडेपर्यंत मोकळे. हिवाळ्यात ऊनच उशिरा येते, त्याले काय करता?"

झालं. माझी उलटी रेघ गल्लीत उभी राहून माझ्याशी बोलत होती. आकडे उलटे नव्हते, कुणी चुकीचं भरलं नव्हतं. केंद्र सकाळी उघडतं, थंडीत पांजणीही त्याच वेळी चालते, आणि ताणा एकाचा असला तरी हात सगळ्या गल्लीचे लागतात. लाजबीज मला वाटली नाही. राग आला. निष्काळजी! जी माणसं शेजाऱ्याचं सूत ओलं असताना जागची हलत नाहीत, त्यांच्या कार्डावर हा शब्द. आणि आमच्या यंत्रात मी अंतर घातलं होतं, पाऊस घातला होता, खाणारी तोंडं घातली होती. सकाळचं काम घातलंच नव्हतं.

पार्वताबाईने मला घरी जेवायला बसवलं. नवरा उमरेडला दुसऱ्याच्या मागावर होता, घरात ती आणि दोन मुली. पुढच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यात माग, त्यावर अर्धं लुगडं. जेवायला पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची तिखट आमटी). पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"रडून काहून राहिल्या बाई?" ती म्हणाली. "आजून तं मी तर्री टाकलीच नाई." (तर्री म्हणजे वरचा लाल तवंग.)

मुली फिदीफिदी हसल्या. नाक पुसत मी तिला केंद्राचं विचारलं. ते बंद होणार हे तिला माहीत होतं.

"मागच्या सालीही औषध चालू होतं," ती सांगायला लागली. "हिवाळ्यात सुटलं. पावसाळ्यात पुन्हा धरलं. डॉक्टर म्हणे, आता दुसऱ्यांदा सुटलं तं हे औषध तुले लागू पडणार नाई. दुसरं औषध महाग हाय, अन् इथं भेटत नाई."

"आणि इंजेक्शनला रामदासपेठेच्या बाजूला जावं लागलं तर?"

"तं मंग सुटलंच समजा." तिने रस्सा वाढला. "तिकडं जाऊन याचं म्हणजे अर्धा दिवस. माग बंद, तं पोरी काय खातीन?"

हे ती मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगत होती.

केंद्र संध्याकाळी उघडलं तर? ती म्हणाली, येऊ की. पण साहेबांसमोर "येऊ की" चालत नाही. किती येतील, किती टिकतील, हे त्यांना हवं असतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही हवं असतं. कुणा एकाच्या सांगण्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना ओरडून सांगत आले आहे. यंत्र असतं तर एका दुपारचं काम. पण कार्डं मावशींच्या गच्चीवर वाकडी होऊन पडलेली. मी इकडेतिकडे बघत होते तर पार्वताबाईच्या धाकटीने खेळायचा डबा काढला. त्यात चिचोके (चिंचोके) आणि एक लाकडी फासा.

मी म्हटलं, आण तो इकडे.

ओसरीवर खडूने घरं आखली. गल्लीतल्या एकेका रुग्णाचा एकेक चिंचोका. दिवस धरून चालायचं. गल्लीत पांजणी असेल त्या सकाळी कुणाचाही चिंचोका हलवायचा नाही. नसेल तेव्हा फासा. लागोपाठ फार दिवस चुकले, की चिंचोका बाहेर. यंत्र जे करतं तेच, फक्त सावकाश. आधी चार बायका गंमत बघायला आल्या, मग ओसरी भरली. तुळशीरामही येऊन बसले. लवकरच नियमांवरून वाद सुरू झाले. बाजाराच्या दिवशी फासा कडक पाहिजे, पाहुणे आले की कसं धरायचं, लग्नसराईत तर कुणीच जागेवर नसतं. मला आमच्या संस्थेतल्या बैठकांची आठवण झाली. फरक इतकाच, की इथे बोलणाऱ्यांना विषय माहीत होता.

"यातला माहा कोणता?" पार्वताबाईने विचारलं.

"यात कुणाचं नाव नसतं," मी म्हटलं. "कोणताही कुणीही."

"असं कसं?" म्हणत तिने एक कोपरा उडालेला चिंचोका निवडला. "हा माहा."

पहिला डाव सकाळच्या केंद्राचा. हिवाळा अर्धा व्हायच्या आत चिंचोके भराभर बाहेर पडायला लागले. कोपरा उडालेलाही पडला. मी पटकन दुसरा डाव मांडला, संध्याकाळच्या केंद्राचा. या वेळी बरेचसे टिकले. बायका खूश झाल्या, मीही झाले, कारण हे साहेबांना दाखवता येणार होतं. पण फासा फाशासारखाच पडतो. काही चिंचोके याही डावात गेले, आणि त्यात कोपरा उडालेला होता.

मी घाईघाईने सांगायला लागले, की याला काही अर्थ नाही, हा नुसता फासा आहे, पुन्हा खेळलं तर दुसरा कुणी पडेल. पार्वताबाईने ऐकून घेतलं. मग बाहेर पडलेला आपला चिंचोका उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला.

"फासा तुमचा हाय बाई," ती म्हणाली. "पाय माहे हायत."

मी खडूच्या रेघा पुसायला घेतल्या.

साहेबांसमोरची वेळ आली तेव्हा बाहेर निवेदनं घेऊन आलेल्यांची रांग दारापर्यंत पोचली होती. साहेबांनी मला बसा म्हटलं नाही, तरी मी बसले. पांजणीचं सांगितलं, उलट्या रेघेचं सांगितलं, संध्याकाळी उघडल्यावर काय होईल तेही सांगितलं.

"हे तुमच्या यंत्रानं काढलंय?" त्यांनी विचारलं.

"नाही. चिंचोक्यांनी."

त्यांनी गडेकरांकडे पाहिलं. गडेकरांनी छताकडे पाहिलं. साहेब हसले, आणि मला वाटलं, संपलं सगळं. माझा आवाज चढायला लागला होता, तेवढ्यात गडेकर मधे पडले.

"साहेब, यांचं यंत्र राहू द्या बाजूला. पण सकाळी पांजणी असते हे तं खरं आहे. मी लहानपणापासून पाहतो, अन् मलेही सुचलं नाही. होळीपर्यंत संध्याकाळी उघडून पाहू. नाही आले, तं मी स्वतः कुलूप लावतो."

"संध्याकाळी बसेल कोण?"

"कंपाउंडर बसेल. मी बोलतो त्याच्याशी."

साहेबांनी पुढचा कागद ओढला. म्हणजे मंजूर. अहवालातल्या त्या ओळीवर मी तिथेच काट मारली. बाहेर आल्यावर मी गडेकरांचे आभार मानायला गेले, तर ते म्हणाले, "आता या बायका आल्या पायजेत, मॅडम. नाहीतर माह्याच हातानं कुलूप."

माझी परतीची गाडी रात्रीची. त्याच दिवशी केंद्र पहिल्यांदा संध्याकाळी उघडायचं होतं, गल्लीत तसा निरोपही गेला होता, म्हणून स्टेशनला जाताना मी रिक्षा विणकरपुऱ्याकडे वळवली. मावशींनी दिलेली संत्र्यांची करंडी मांडीवर आणि वाळून वाकडी झालेली कार्डं पायाशी. केंद्रात कंदील लावून कंपाउंडर सुया उकळत बसला होता.

"दिवेलागणीले लोक घरी जातात," तो मला ऐकू जाईल असं म्हणाला, "अन् मी सुया शिजवून राहिलो."

मी त्याच्यासमोरच्या बाकावर बसले. गल्लीत घरोघर माग खटखटत होते. कुणी आलं नाही. मी एक संत्रं सोलून खाल्लं, दुसरं त्याला दिलं. त्याने घेतलं. तरी कुणी आलं नाही. मला गडेकरांचं कुलूप दिसायला लागलं. रिक्षावाला दोनदा येऊन सांगून गेला, गाडी सुटून जाईन बाई. माझा जीव टांगणीला लागला होता आणि घड्याळाकडे बघवत नव्हतं.

शेवटी मी उठले. करंडी उचलली. तेवढ्यात समोरच्या घरातल्या मागाची खटखट थांबली. दार वाजलं, आणि पार्वताबाई रस्ता ओलांडून आली. हात धुतलेले होते, पण कोपरापाशी वाळलेली खळ तशीच होती. माझ्याकडे बघून हसली, स्टुलावर बसली आणि दंड पुढे केला. कंपाउंडरने कार्ड काढलं, इंजेक्शन दिलं आणि खूण केली. इंजेक्शन का चुकलं, त्या रकान्यात या वेळी काही लिहायचं नव्हतं.

जाताना तिने पदराची गाठ सोडली आणि चिंचोका माझ्या हातावर ठेवला. "घेऊन जा तुमच्या पुण्याले. दाखवा त्यायले."

पुढे कुणी आलं का, ते मला माहीत नाही. रिक्षा वळली तेव्हा गल्लीत आणखी एक माग थांबल्यासारखा वाटला, पण रिक्षाच्या खडखडाटात नक्की सांगता येत नाही. गाडी मात्र मिळाली, धावत.

पुण्याला भाऊ घ्यायला आला होता. खोकं उचलून म्हणाला, "शहर हलकं झालंय." संत्री त्याच्या मुलांनी दोन दिवसांत संपवली. मावशींकडून गोळाभाताची कृती लिहून आणली होती, तसा काही माझ्या हाताला तो जमला नाही. तेल कमी पडलं असणार.

संस्थेत मी सगळी कार्डं नव्याने पाडून घेतली. विणकरपुऱ्यात पांजणी घातली, संध्याकाळ घातली. यंत्र चालवलं, आणि थंडीत खाली जाणारी रेघ बरीचशी वर आली. चिंचोक्यांनी सांगितलं होतं त्यापेक्षा फार वेगळं काही निघालं नाही. प्रमुखांनी विचारलं, पहिल्या संध्याकाळी किती आले?

"मी होते तोवर एक."

"एकावरून काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. माझंच वाक्य. मी म्हटलं, नाही होत.

मग ते कार्डं चाळायला लागले. त्यांची नजर तीक्ष्ण आहे हे मान्य करायला हवं. विणकरपुऱ्यातल्या एका रुग्णापाशी ते थांबले.

"इथे चूक झालीय. हिच्यासाठी फासाच नाही. ही रोज संध्याकाळी जाते, एकदाही चुकत नाही. असं कसं?"

कोपरा उडालेला चिंचोका माझ्या टेबलावर, टाचण्यांच्या बशीत पडलेला होता.

"चूक नाही ती," मी म्हटलं. "मला तिने सांगितलंय, ती जाणार आहे."